जुन्या ज्युनिपरला नवा आकार देताना

ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाचा जुना बोन्साय नव्याने वळवायचा असेल तर कात्री उचलायच्या आधी एकच बघा, प्रत्येक फांदीवर खोडाच्या जवळ हिरवं काही आहे का, कारण उघड्या जुन्या लाकडावर ज्युनिपरला सहसा परत फूट येत नाही, टोकाचं सगळं हिरवं कापलंत की ती फांदी गेलीच. आणि गंमत म्हणजे मेलेली फांदीसुद्धा कित्येक आठवडे हिरवीच दिसते, त्यामुळे फसू नका. नको असलेली फांदी मुळापासून उडवू नका, साल सोलून थोडी ठेवा, जिन, म्हणजे सालीविना वाळक्या लाकडाचा शोभेचा खुंट, मस्त होतो. जाड फांदीला आधी ओली राफिया (ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्यांची पट्टी) घट्ट गुंडाळा, मगच वायर, आणि हळूहळू वाकवा. त्याच सीझनला रिपॉटिंग, म्हणजे कुंडी-माती बदलणं, अजिबात नको.