न आवडलेल्या अल्बमवर भांडायला कसं बसावं

३० ऑक्टोबर २०११ ला मेटालिका हा अमेरिकी रॉक बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला. लातूरहून आम्ही चौघं गेलो होतो. दोनच दिवस आधी गुडगावचा त्यांचा कार्यक्रम ऐनवेळी बारगळला होता, चिडलेल्या लोकांनी तिथं मोडतोड केली होती, म्हणून बंगळूरला तरी होतंय का नाही याची धाकधूक होती. झालं बाबा. गळे बसले, माना आखडल्या. आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ तारखेला, त्याच बँडचा लू रीडबरोबरचा 'लुलू' हा अल्बम युरोपात बाजारात आला. आम्ही परतीच्या गाडीत. अल्बम एकानंही ऐकलेला नाही. ऐकलेलं काय, तर आधी बाहेर आलेलं 'द व्ह्यू' हे एक गाणं, तेही फोनवर. तेवढ्या भांडवलावर आम्ही बिदरपासून उदगीरपर्यंत असं भांडलो की समोरच्या बाकावरच्या मावशींनी विचारलं, "वाटणीचं भांडण हाय का रे लेकरांनो?"

तर ही पहिली चूक. एका गाण्यावर, फोनवर, पोट रिकामं असताना भांडायचं नाही. त्यानंतर आम्ही 'लुलू'ची बैठक पाच-सहा वेळा रीतसर घातली. त्यातून जे शिकलो ते इथं लिहितोय. माझा धंदा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचा, लग्नसराईत मंडपाचा साऊंडही देतो, त्यामुळं यंत्रांबद्दल जरा जास्तच बोलेन, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेटालिका १९८१ पासूनची, थ्रॅश मेटल म्हणजे वेगवान, कर्कश गिटारींच्या रॉकमधली थोरली पाती. लू रीड न्यूयॉर्कचा गायक, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या जुन्या बँडवाला, 'लुलू' आला तेव्हा ६९ वर्षांचा. गातो कमी, बोलतो जास्त. २००९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या सोहळ्यात ते एका स्टेजवर आले आणि जमलं. आधी ठरलं होतं लूचीच जुनी गाणी नव्यानं वाजवायचं. मग लूनं वेगळंच बाड काढलं: फ्रांक वेडेकिंड या जर्मन नाटककाराच्या लुलू नावाच्या बाईवरच्या दोन नाटकांवरून त्यानं बर्लिनच्या एका प्रयोगासाठी लिहिलेली गाणी. एक नाटक १८९५ चं, दुसरं १९०४ चं. त्याचा झाला हा अल्बम. दोन सीडी, दहा गाणी, सुमारे ८७ मिनिटं. शेवटचं गाणं एकटंच एकोणीस मिनिटांच्या वर. लोकांनी जगभर शिव्या घातल्या. एवढं पुरे, उरलेलं मुद्दाम नंतर सांगतो.

माणसं किती? पाच. चार असले की दोन-दोन होतात आणि घोडं अडतं, सहाच्या वर गेले की दोघं कोपऱ्यात जाऊन शेतीचं बोलतात. आमच्यात एक सोयाबीनचा अडत्या (याला 'लुलू' म्हणजे फसवणूक वाटते), एक क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवणारा मास्तर (याला आवडतो, पण का ते सांगता येत नाही), मी, बंगळूरला गेलेल्या चौघांतलाच आणखी एक गडी, आणि माझा भाचा. भाच्यानं मेटालिका धड ऐकलेलीच नाही. असा एक कोरा माणूस लागतोच. बाकीचे सगळे पंधरा-वीस वर्षांच्या आठवणी कानात घालून बसलेले असतात, ऐकतो तो एकटाच. ज्याला "मी ऐकलं नाही पण बकवास हाय" म्हणायची सवय आहे त्याला चहाला बोलवा, बैठकीला नको.

आता आवाज. इथं घाई करू नका, निम्मी भांडणं इथंच मिटतात.

फोनच्या स्पीकरला खालचे सूर येतच नाहीत, आणि हा अल्बम बराचसा खालच्या, घोंघावणाऱ्या सुरांवर उभा आहे. फोनवर उरतो नुसता एक म्हातारा बडबडताना. तो कुणालाही नकोच वाटणार. उलट मंडपातले पंधरा इंची स्पीकर आणले की लूचा आवाज खाली गाडला जातो. घरचे साधे दोन स्पीकर बरे. भिंतीपासून हातभर पुढं, कानाच्या उंचीला, स्टुलावर ठेवा. कोपऱ्यात ढकलले की खालचा आवाज फुगतो आणि सगळं ढोलासारखं होतं. बास आणि ट्रेबलचे नॉब मधोमध. लाउडनेसचं बटण असेल तर बंद.

मग आवाज किती ठेवायचा? पहिलं गाणं नुसत्या गिटारवर आणि लूच्या आवाजावर सुरू होतं. तेवढ्यात नॉब फिरवून घ्या: माणूस तुमच्यासमोर खुर्चीत बसून बोलतोय इतका. थोड्या वेळानं बँड अंगावर येतो, मेटालिकाचा गायक जेम्स हेटफील्ड ओरडायला लागतो, सगळे नॉबकडे हात नेतात. हात धरा. तो धक्का त्यांनी जाणूनबुजून दिलाय. तो तुम्ही कमी करून ऐकलात तर ज्याच्यावर भांडायचं तेच गाळून ऐकलं.

इन्व्हर्टर असू द्या. एका वर्षी गच्चीवर बसलो होतो आणि शेवटच्या गाण्यात लाईट गेली. त्या गाण्याच्या शेवटी कित्येक मिनिटं नुसता तारवाद्यांचा एक लांबट सूर चालतो, शब्द नाहीत, ड्रम नाहीत. लाईट गेली का गाणं संपलं हे कुणाला कळेना. अडत्यानं सुटलो म्हणून टाळ्या वाजवल्या. मास्तरचं त्या रात्रीपासून म्हणणं आहे की अडत्याचं मत धरायचंच नाही, कारण त्यानं शेवट ऐकलेला नाही.

वाजत असताना कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाच्या हातात एक कागद, एक पेन्सिल. जिथं टोचलं किंवा जिथं अंगावर काटा आला तिथं मिनिट-सेकंद लिहायचा आणि पुढं एकच शब्द. पहिल्या सीडीनंतर, म्हणजे सहा गाण्यांनंतर, चहा. चहालासुद्धा अल्बमवर बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्या वेळेला सुशीला (फोडणीचे भिजवलेले चुरमुरे) किंवा भजी ठेवावी, तोंडं गुंतलेली राहतात. दुसऱ्या सीडीत चारच गाणी, पण ती संपता संपत नाहीत. इथं कुणी कलंडलं तर उठवू नका. झोप लागली तो सेकंदही लिहून घ्या.

पहिल्या वेळी अडत्याच्या कागदावर होतं: "०.०० ते शेवट. गाढवपणा." कागद परत केला. म्हटलं, "तू सौदा करताना ढिगाऱ्याकडं बघून भाव सांगतोस का? मूठभर दाणे घेतोस, ओल बघतोस, माती बघतोस. मग हितं बी मूठ दाखव." तो चिडला, पण पुढच्या वेळी त्याच्या कागदावर सात जागा होत्या. त्यातली एक 'द व्ह्यू'मधली, जिथं हेटफील्ड आपण टेबल असल्याचं ओरडून सांगतो. जगात सगळ्यात जास्त टिंगल त्याच ओळीची झाली. पण जागा सापडल्यावर प्रश्न बदलला. ओळ वाईट आहे, का ती लूच्या तोंडी शोभली असती आणि हेटफील्डच्या तोंडी शोभत नाही? यावर आम्ही पाऊण तास बसलो. गाढवपणावर कोण पाऊण तास बसेल?

आमच्या लातूरच्या गंजगोलाईतून, म्हणजे बाजाराच्या गोल चौकातून, सोळा रस्ते फुटतात. वादाचं तसंच असतं, आणि प्रत्येकजण वेगळ्या रस्त्यावर उभा राहून दुसऱ्याला हाका मारत असतो. म्हणून कागद वाचायच्या आधी विचारा, तुझी तक्रार कशाबद्दल? वाद्याच्या आवाजाबद्दल, गाण्याच्या बांधणीबद्दल, शब्दांबद्दल, का वरच्या नावाबद्दल? शेवटची तक्रार सगळ्यांची असते आणि कबूल कुणी करत नाही. मी अडत्याला एकदा सरळ विचारलं, "वर फक्त लू रीडचं नाव असतं तर?" म्हणाला, "तर कशाला ऐकलं असतं बे?" म्हणजे बघा.

बैठकीत कधी ना कधी कुणीतरी 'सेंट अँगर' काढणारच. तो मेटालिकाचाच अल्बम, २००३ चा, ७५ मिनिटांचा, एकाही गाण्यात गिटारचा सोलो नाही, आणि स्नेअर ड्रम तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजतो. हा विषय तोंडी सोडवू नका, हाताशी ड्रम असेल तर दाखवा. माझ्याकडं एका शाळेच्या बँडचा साईड ड्रम, म्हणजे स्नेअरच, दुरुस्तीला आला होता. उलटा केला. खालच्या कातड्याला लागून बारीक, पिळाच्या तारांची पट्टी असते आणि बाजूला एक खटका. खटका चढवला की तारा कातड्याला टेकतात आणि टिपरू मारल्यावर 'चर्रक्' असा कोरडा आवाज येतो. खटका उतरवला की तारा सुटतात आणि तोच ड्रम 'टंग' करतो, आवाज मागं रेंगाळतो. मेटालिकाचा ड्रमवाला लार्स उलरिच, त्यानं 'सेंट अँगर'च्या रेकॉर्डिंगला तारा सोडलेल्याच ठेवल्या. खटका चार-पाच वेळा वर-खाली केल्यावर भाचा म्हणाला, "एवढंच? मग चढवायचा ना." आता हे खरं भांडण. आवाज वाईट यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि उरलं काय, तर हातात खटका असताना माणूस सव्वा तास तो तसाच का ठेवतो.

माझे वडील शेजारी बसून बघत होते. ते भजनात पखवाज वाजवायचे, औशाची चक्री भजनं त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. म्हणाले, "कणीक न लावता वाजवल्यावानी हाय." पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली नाही तर तो घुमत नाही, पोकळ वाजतो. अशी माणसं घरात असतील तर त्यांना गच्चीवर बोलवा. इंग्रजी कळत नाही ही अडचण नाही, फायदा आहे.

आता मागं ठेवलेली माहिती. एक: २०१५ मध्ये लू रीडच्या मरणोत्तर सन्मानाच्या वेळी त्याची बायको लॉरी अँडरसन हिनं सांगितलं की डेव्हिड बोवी या थोर इंग्लिश गायकाच्या मते 'लुलू' हे लूचं सगळ्यात थोर काम. दोन: शेवटचं गाणं 'ज्युनिअर डॅड', बापाबद्दलचं. मेटालिकाचा गिटारवाला कर्क हॅमेट, त्याचे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. ते गाणं ऐकून तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि रडला, मागोमाग हेटफील्डही. या दोन गोष्टी ऐकण्याआधी सांगाल तर बैठक मेली म्हणून समजा. बोवीचं नाव ऐकलं की मास्तरला जोर चढतो, अडत्या गप्प होतो, आणि कोणाच्या बापाच्या मरणावर कोण टीका करणार? सगळे कागद वाचून झाले, आवाज चढून उतरले, की मग सांगा. आणि सांगितल्यावर कुणाला मत बदलू देऊ नका. कागदावर आहे ते आहे.

निकाल लावायचा नाही. आम्ही एकदा हात वर करून मतदान घेतलं, तीन विरुद्ध दोन झालं, आणि अडत्या महिनाभर हुकूमनामा मिळाल्यासारखा फिरला. कागद मात्र जपून ठेवा. मास्तरच्या पहिल्या आणि चौथ्या कागदात एकही सेकंद सारखा नाही, आणि तो छातीठोकपणे सांगतो की त्याचं मत कधी बदललंच नाही.

मागच्या बैठकीला वडील स्वतःच जिना चढून आले. 'ज्युनिअर डॅड' चालू होतं. भाच्यानं खुर्ची दिली. ऐकत राहिले. मग हळूच विचारलं, "म्हातारं आजारी हाय का?"

म्हटलं, "तेव्हा होतं का माहीत नाही. पुढं दोन वर्षांनी गेलं."

मान हलवली. तारांचा सूर संपेपर्यंत बसले, आम्हा सगळ्यांपेक्षा ताठ. संपल्यावर अडत्यानं मोठ्या आशेनं विचारलं, "काका, कसं वाटलं?"

"वाजवणारे तयार हायत," वडील म्हणाले. "पर मघा खोलीतून ऐकलालो तवा म्हाताऱ्याचं ऐकत नव्हते. ह्या गाण्यात ऐकायलेत."

अडत्या आणि मास्तर दोघंही एकदम म्हणाले, बघ, मी काय म्हणत होतो! मी कागद पुढं केला. "आप्पा, मघा म्हंजे कोणत्या गाण्यात? मिनिट सांगा, लिहून घेतो."

"घड्याळ बघत ऐकायला मी काय रेल्वेत हाय?" म्हणाले आणि जिना उतरले.