सीट बसवण्यापासून तुंबलेल्या पाण्यापर्यंत : मुंबईत घरची गाडी चालवताना आणि राखताना

घरातली गाडी आज वडील नेतात, उद्या सून, परवा मुलगा. दर वेळी सीट आधीच्या माणसाच्या मापाची असते आणि पुढचा माणूस फक्त मधला आरसा हलवून सोसायटीच्या गेटबाहेर पडतो. ही सवय मोडा. सीट, बेल्ट आणि आरसे नीट बसवायला दोन मिनिटं पुरतात, पण ती गाडी उभी असतानाच द्यावी लागतात. सिग्नलवर सीट सरकवायला गेलं की ती एकदम मागे घसरते आणि पाय ब्रेकवरून सुटतो.

क्रम असा ठेवा : उंची, अंतर, पाठ, मग स्टिअरिंग. उंची इतकी हवी की बॉनेटपुढचा रस्ता दिसेल आणि डोकं व छत यांच्यामध्ये मूठभर जागा राहील. मग डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हाही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ऑटोमॅटिक गाडीत हेच माप ब्रेक जोरात दाबून घ्या. पाय सरळ ताणलेला असेल तर आणीबाणीत ब्रेकवर पूर्ण जोर येत नाही, शिवाय समोरून धडक बसली तर तो धक्का थेट खुब्यापर्यंत जातो. आता पाठ आणि खांदे सीटला टेकवून हात पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकलं की पाठ बरोबर झाली.

छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंमी अंतर हवं, कारण एअरबॅग तेवढ्याच जागेत डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते. उंची कमी असलेली माणसं पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून फार पुढे बसतात. त्यांनी पाठ थोडी मागे कलवावी आणि स्टिअरिंग खाली घ्यावं, म्हणजे एअरबॅगचा रोख चेहऱ्याऐवजी छातीकडे राहतो. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या रेषेत ठेवा, कानाच्या खाली तर कधीच नको. मागून धडक बसली की मान झटक्याने मागे जाते आणि तिला अडवायला तेवढीच एक गोष्ट असते. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या रांगेत मागून ठोकर कधीही बसू शकते.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावरून जाऊ देऊ नका. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे, आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधून, मानेला न घासता. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाखालून घ्यावा. साडीचा पदर किंवा जाड जॅकेट मध्ये आलं तर पट्टा सैल राहतो, म्हणून ते बाजूला करून बेल्ट ओढून घ्या. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे आणि मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून त्यावर कारवाई सुरू केली. पण दंडापेक्षा मोठं कारण हे की मागचा बिनबेल्टचा माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही चिरडतो. आजी-आजोबा 'मागे कशाला' म्हणतात, तेव्हा त्यांना हे समजावून सांगा आणि बेल्ट लागेपर्यंत गाडी हलवू नका.

लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं हा सर्वांत वाईट प्रकार. धडकेत मूल हातात धरून ठेवता येत नाही, आणि ते एअरबॅग व मोठ्या माणसाचं अंग यांच्यात सापडतं. तान्ह्या बाळासाठी मागे तोंड असलेली सीट मागच्या बाकावर लावा. चालू एअरबॅगसमोर ती कधीही नको. मुलाची उंची साधारण १४५ सेंमी, म्हणजे पावणेपाच फूट होईपर्यंत मोठ्यांचा बेल्ट त्याच्या मानेवर आणि पोटावर येतो, म्हणून तोवर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा सीट, वापरा. गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट गाडीलाच अडकवायचे, हुक असतील तर सीट त्यांतच अडकवा आणि हाताने हलवून पाहा. मुळाशी ती दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त हलत असेल तर पुन्हा बसवा.

आरशांत बहुतेकांना आपल्याच गाडीची बाजू भरपूर दिसते. ती जागा फुकट जाते. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या काचेजवळ न्या आणि गाडीची कड जेमतेम दिसेल इतकाच आरसा बाहेर वळवा. डावा लावताना डोकं दोन्ही सीटच्या मधोमध आणा आणि तसंच करा. नेहमीच्या जागी बसल्यावर बाजूच्या आरशांत गाडी दिसणार नाही, पण मधल्या आरशातून निसटलेली दुचाकी लगेच त्यांच्यात उमटेल. मुंबईत दुचाकी डावीकडून, बस आणि फुटपाथच्या फटीतून येते. डावीकडे वळताना आरसा पाहून झाल्यावरही मान वळवून एकदा बघा. थांबल्यावर ड्रायव्हरने आपलं दार डाव्या हाताने उघडावं. तसं केलं की अंग आपोआप मागे वळतं आणि येणारी सायकल किंवा स्कूटर दिसते. डावीकडे बसलेल्यांनी हेच उजव्या हाताने करावं.

पेडलखाली काहीही नको. पाण्याची बाटली ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबला जात नाही. दुकानातून आणलेली जाडी मॅट खुंटीत न अडकवता टाकली तर पुढे सरकून अॅक्सिलरेटरवर चढते. सैल चप्पल किंवा ओला सँडल घालून गाडी चालवू नका.

रांगेत गाडी हळूहळू पुढे सरकवताना पाय क्लचवर ठेवून देण्याची सवय मुंबईत फार दिसते. अर्धवट दाबलेल्या क्लचवर प्लेट घासत राहते, गरम होते, जळका वास येतो आणि मग चढावर गाडी ओढत नाही. सिग्नल लांबणार असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. पेडर रोडच्या चढावर किंवा फ्लायओव्हरच्या रॅम्पवर थांबलात तर गाडी क्लचवर धरू नका. हँडब्रेक ओढा, क्लच पकडू लागला की हँडब्रेक हळूच सोडा. घाट उतरताना उलट काळजी. बोरघाटात न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे इंजिनाची रोखून धरण्याची ताकद स्वतःहून टाकून देणं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये राहा आणि ब्रेक थोड्या वेळापुरता, पण ठामपणे दाबून सोडा. सतत पाय ठेवून उतरलात तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळू शकतं आणि पेडल मऊ पडून तळाला जातं.

जून लागण्याआधी

टायरपासून सुरुवात करा. हवेचं माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. माणसं आणि सामान भरल्यावरचं माप वेगळं दिलेलं असेल तर प्रवासाला निघताना तेच घ्या. हवा गार टायरमध्ये तपासा. पंपापर्यंत दहा किलोमीटर गेलात की आकडा वाढलेला दिसतो आणि पंपवाला हवा काढून टाकतो. स्टेपनीची हवाही याच वेळी पाहा. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत टायर झिजला की खोली १.६ मिमी उरली, म्हणजे टायर कायद्याच्या मर्यादेवर आला. पण पावसात ३ मिमीच्या खालीच पकड कमी होऊ लागते, कारण खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं. टायरचं वय कडेवरच्या शेवटच्या चार आकड्यांतून कळतं : २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा.

वायपरचं रबर उन्हाने कडक होतं. काचेवर रेषा उमटू लागल्या की ब्लेड बदला, पावसाची वाट पाहू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मुंबईच्या दमटपणात त्याला सूट मिळत नाही, म्हणून गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी बदला. बॅटरीवर पांढरी-निळसर पूड दिसली की ती गरम पाण्याने धुवा. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पाहा. कूलंटचं झाकण गरम इंजिनवर कधीही उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पावसात काचेवर आतून वाफ धरली तर फडक्याने पुसत बसू नका. एसी चालू करा, हवेचा झोत पुढच्या काचेवर घ्या आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाणं धोक्याचं आहे, कारण तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. लो बीम लावा. हायबीमने पाऊसच उजळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

पाणी तुंबल्यावर

हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही ठिकाणं मुंबईकराला पाठ आहेत. सबवेचा, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याचा, नियम एकच : पाणी दिसलं की आत जायचं नाही. तळ दिसत नाही आणि पाणी मिनिटांत वाढतं. जुलै २०१९ मध्ये मालाड सबवेत बुडालेल्या गाडीत दोघांचा जीव गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हाही बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं दगावली.

सपाट रस्त्यावर पाणी चाकाच्या निम्म्याच्या खाली असेल, पुढच्या गाड्या जाताना दिसत असतील आणि रस्ता ओळखीचा असेल, तरच पुढे जा. पहिला गिअर, क्लचवरून पाय दूर, अॅक्सिलरेटर एकसारखा, वेग चालणाऱ्या माणसाइतका. मध्येच गिअर बदलू नका. समोरून बेस्टची बस येत असेल तर थांबा, तिची लाट बॉनेटवर चढते. कडेपेक्षा रस्त्याच्या मधल्या उंच भागातून जा, उघडी गटारं बहुधा कडेला असतात. बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत जा, म्हणजे पॅड सुकतील.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा विमा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. चावी बंद करा पण काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं; गाडी ढकलून उंच जागी न्या, तिथूनच टोइंग मागवा.

पाणी दाराच्या खालच्या कडेवर चढायला लागलं की गाडीचा विचार सोडा. आधी बेल्ट सोडा, मग काच उघडा, मग माणसं बाहेर काढा. पॉवर विंडो अजून चालत असताना लगेच खाली घ्या. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की दार उघडत नाही. मुलं आधी बाहेर. काच अडकली तर पुढची फोडत बसू नका, ती दोन थरांची असते. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर छोट्या हातोडीने किंवा हेडरेस्टच्या लोखंडी दांड्याने मारा. ती हातोडी ड्रायव्हरच्या हाताजवळ हवी, डिकीत नको. पालिकेच्या आपत्ती विभागाचा क्रमांक १९१६ आणि पोलिसांचा ११२ फोनमध्ये ठेवा.

बाकी राहिलेलं

सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करा आणि गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवा. पेट्रोल कायम पाव टाकी ठेवा, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. गॅसचा वास आला तर दारं उघडा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि कुठलाही स्विच दाबू नका.

भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर गाडी उभी केली असेल तर घरी आल्यावर खालूनही धुवा. वरचा मीठट थर दिसतो, खालचा दिसत नाही आणि पत्रा तिथूनच गंजतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून गाडीत खाण्याचे पुडे ठेवू नका आणि दर आठवड्याला बॉनेट उघडून पाहा. पावसात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले पॅड चिकटून बसतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावा. निघताना त्या काढायला विसरू नये म्हणून स्टिअरिंगला एक फडकं बांधून ठेवा.