ॲक्सेस पॉइंटचे गट मजल्यानुसार नव्हे, वापरानुसार करा

अनेक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारी उपकरणे) एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर त्यांचे गट पाडताना मजला हा सोयीचा निकष वाटतो. परंतु सभागृह आणि त्याच मजल्यावरील गोदाम यांच्या गरजा सारख्या नसल्यामुळे गर्दीच्या जागा, कार्यालयीन खोल्या आणि तुरळक वापराच्या जागा असे गट करणे अधिक उपयोगी ठरते. नेटवर्कचे नाव, सुरक्षेची पद्धत आणि व्हीलॅन (एकाच जाळ्यातला आभासी वेगळा विभाग) गटाच्या पातळीवरच ठरवावेत. चॅनेल (रेडिओ लहरींचा ठरावीक पट्टा) मात्र संपूर्ण गटाला एकच देऊ नये, कारण २.४ गिगाहर्ट्झवर सर्वसाधारणपणे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत न मिसळता वापरता येतात व ते शेजारच्या पॉइंटना आलटून पालटून द्यावे लागतात. प्रत्येक नेटवर्क साधारण दर १०० मिलिसेकंदांनी, तेही बहुधा कमीत कमी वेगाने, बीकन, म्हणजे आपली उपस्थिती कळवणारा छोटा संदेश, पाठवते आणि त्यात चॅनेलचा वेळ खर्च होतो. त्यामुळे एका गटात तीन-चारपेक्षा अधिक नेटवर्क ठेवणे टाळावे, मग प्रत्येक विभागाचा आग्रह काहीही असो. फर्मवेअरच्या (उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअरच्या) नव्या आवृत्त्यांसाठी छोटा चाचणी गट वेगळा ठेवून त्यात प्रत्येक मॉडेलचा निदान एक पॉइंट घ्यावा. एखाद्या पॉइंटवर हाताने केलेला बदल अनेक प्रणालींत गटाच्या सेटिंगपेक्षा वरचढ ठरतो, म्हणून गट बदलण्यापूर्वी असे अपवाद शोधून काढून टाकावेत.