मोडीवाल्यांसाठी कुझुशिजी

जपानी बोलता येतं, वर्तमानपत्र वाचता येतं, आणि तरी अठराव्या शतकातलं नाटकाचं पुस्तक समोर आलं की एक ओळ लागत नाही. अक्षरं एकातून एक ओघळलेली, शब्द कुठे तुटतो ते कळेना. या वळणाला कुझुशिजी म्हणतात. चार दिवस डोकं धरून बसल्यावर आठवलं, हे दुखणं आपण मोडीच्या वर्गात भोगलंय. औषधही तेच.

आधी गोष्ट माहीत असलेलं पुस्तक घ्या. मी 'कानादेहोन चुशिन्गुरा' घेतलं : धन्याचा सूड घेणाऱ्या रोनिनांवरचं (रोनिन म्हणजे धनी नसलेले सामुराय), १७४८ साली ओसाकात रंगमंचावर आलेलं बाहुलीनाट्य. कानादेहोन म्हणजे काना, अर्थात उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांचा कित्ता. कित्त्यात अक्षरं ४७, रोनिनही ४७. वासेदा विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथांच्या संग्रहात अशा नाटकांच्या प्रती इंटरनेटवर पानोपान फुकट पाहता येतात. पानाला सात ओळींची प्रत निवडा, दहा ओळींची नको, डोळे फुटतात. शेजारी आधुनिक छापील संहिता ठेवा, पण झाकून. अडलं की उघडायची. रोज अर्धं पान पुरे, आणि वाचायचं मोठ्याने. मजकूर शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने गाऊन सांगण्यासाठी लिहिलाय. डोळ्यांना न तुटणारा शब्द जिभेवर आपोआप तुटतो.

खरी मेख हेन्ताइगानाची, म्हणजे काना अक्षरांच्या आज वापरात नसलेल्या रूपांची. आज एका उच्चाराला एकच हिरागाना (रोजच्या वापरातलं काना अक्षर), पण ही शिस्त १९०० सालच्या शाळांच्या नियमांनी आली. त्याआधी एकाच उच्चाराची अनेक रूपं चालत. 'हा'साठी तर 'माणूस' या अर्थाचं कांजी, म्हणजे चिनी अक्षर, मोडून वापरत. महिनाभर मी ते 'माणूस' असंच वाचत होते. प्रत्येक वाक्यात माणसांची नुसती गर्दी! म्हणून वही घाला. एका उच्चाराला एक पान, दिसेल ते रूप हाताने गिरवायचं, शेजारी ते कुठे सापडलं तो पानाचा आकडा. फोटो चिकटवू नका. गिरवल्याशिवाय कुंचला कुठे वळला ते कळत नाही. 'का'चा 'गा' करणाऱ्या दोन रेघा जुन्या मजकुरात पुष्कळदा नसतातच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ संदर्भाने लावतो, तसं लावायचं.

'मिवो' नावाचं फुकट ॲप आहे, २०२१ मध्ये आलेलं. पानाचा फोटो काढला की आजची अक्षरं दाखवतं. वापरा, पण स्वतःचं वाचन लिहून झाल्यावर. आधी वापरलंत तर वही कोरीच राहील.

शेवटचं पान जपून वाचा. प्रकाशक आणि साल तिथे असतं. पण कोरलेले लाकडी ठोकळे विकले जात आणि नवा मालक जुन्या सालासकट छापत असे. चौकटीची रेघ तुटलेली, अक्षरं झिजलेली दिसली तर तुमची प्रत त्या सालाच्या बरीच नंतरची समजा.

आणि तारखा. नाटकामागच्या खऱ्या रोनिनांचा हल्ला गेनरोकु या जपानी कालखंडाच्या १५ व्या वर्षातला, बाराव्या महिन्याच्या १४ तारखेचा. गेनरोकु १५ म्हणजे १७०२, असं मी बिनधास्त लिहून मोकळी झाले होते. चांद्र वर्षाचा शेवटचा महिना तो. इसवी सनाने जानेवारी १७०३ संपत आला होता. शकात ७८ मिळवायचे की ७९, यावर वर्गात बोलणी खाल्लेल्या बाईने ही चूक करावी! आता टिपणात आधी जपानी तारीख जशीच्या तशी, मग कंसात इसवी.