जुन्या गॅरेजचं घर करताय? आधी जमिनीकडे बघा

जुनं गॅरेज घर करायला घेतलं की सगळ्यांची नजर आधी वर जाते. उंच छत, ते पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि पोटमाळा. बजेट मात्र पायाखाली कोलमडतं.

वर्षानुवर्षं गाड्यांचं ऑइल सांडलेला कोबा ते पिऊन बसलेला असतो. त्यावर थेट टाइल बसवली तर ॲडेसिव्ह नीट धरत नाही आणि टाइल पोकळ वाजायला लागते. तेल काढणाऱ्या डिग्रीजरने जमीन घासून धुवा, पूर्ण सुकू द्या, मग पाण्याचे चार थेंब टाका. मुरले तर ठीक. मोत्यासारखे वर राहिले तर तेल अजून आत आहे. मग यंत्राने वरचा थर खरवडायचा, नाहीतर तेवढा भाग फोडून नवा कोबा करायचा. ओल तपासायला दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान 16 तास ठेवा. खाली पाणी धरलं, तर लाकडी फ्लोअरिंगचं नाव इतक्यात काढू नका.

गाडीखाली उतरायचा पिट राडारोड्याने भरून टाकणं ही नेहमीची घाई. भराव बसतो आणि दिवाणखान्याच्या मधोमध तडा जातो. आधी तळचा तेलकट गाळ काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचून राहते. हवा खेळती होईपर्यंत तिथे ग्राइंडर चालवू नका. मग मुरमाचे पातळ थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसने ठोकून दाबायचं.

गाडी सहज आत यावी म्हणून गॅरेजची जमीन बहुधा रस्त्याच्या पातळीलाच असते. पावसाचं पाणीही तसंच सहज येतं, त्यामुळे जोतं उचलावं लागतं. पोटमाळ्याचा हिशेब या नव्या जमिनीपासून करा: खाली राहत्या खोलीला 2.75 मीटर, वर ताठ उभं राहण्याइतकी जागा, मधे गर्डरची जाडी. पाच मीटर हाताशी नसतील तर हट्ट सोडा. आणि तो पोटमाळा कैचीला टांगू नका! ती पत्र्याचं वजन आणि वारा पेलण्यापुरती केलेली असते, कपाटं आणि माणसं पेलायला नाही. त्याला स्वतंत्र खांब आणि पाया द्या. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, फॅब्रिकेटरने नव्हे.

जुना सिमेंटचा पत्रा बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो. त्याला भोकं पाडणं, कापणं, प्रेशरने धुणं म्हणजे कर्करोगाला कारण ठरणारे तंतू घरभर उडवणं. पत्रा ओला करून, न फोडता, जाणकार माणसांकडूनच उतरवा. बदली साधा पत्रा घातलात तर मे महिन्यात पोटमाळ्यावर झोपता येणार नाही आणि जुलैत एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. तिथे पफ पॅनेलचे, म्हणजे मधे फोम भरलेल्या पत्र्याचे, पैसे वाचवू नका.

आणि हो, यातलं काहीही करण्याआधी कागद बघा. एमआयडीसीचा औद्योगिक प्लॉट मनाला येईल तसा राहायला वापरता येत नाही. इतर ठिकाणीही वापरबदलाची परवानगी हातात येईपर्यंत मिस्त्रीला ॲडव्हान्स देऊ नका.