नवी गाडी डिफेक्टिव्ह निघाली? आधी जॉब कार्ड नीट लिहून घ्या

नवी कोरी गाडी घेतली आणि दोन महिन्यांत ती घरी कमी अन् सर्व्हिस सेंटरला जास्त, असं झालं की माणसाचं डोकं फिरतंच. मग शोरूममध्ये आवाज चढवून येतो, सोशल मीडियावर फोटो टाकतो. टाका की, कोण नको म्हणतंय, पण त्याने केस उभी राहत नाही, केस उभी राहते ती जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना तो सर्व्हिस ॲडव्हायझर घाईघाईत खरडतो ना, त्या कागदावर.

कारण बहुतेक देशांतले कायदे शेवटी एकच गोष्ट तपासतात, की दुरुस्तीची संधी देऊनही तोच दोष राहिला का. अमेरिकेत याला लेमन लॉ म्हणतात, १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिल्यांदा केला आणि आता तो सगळ्या राज्यांत आहे, नियम मात्र प्रत्येकाचे वेगळे. न्यूयॉर्कमध्ये साधारण असं की पहिल्या २ वर्षांत किंवा १८,००० मैलांत (जे आधी होईल ते) एकाच दोषासाठी ४ वेळा गाडी नेली तरी तो गेला नाही, किंवा एकूण ३० दिवस गाडी वर्कशॉपमध्येच पडून राहिली, तर पैसे परत किंवा दुसरी गाडी मागता येते. कॅलिफोर्नियात ब्रेकसारखा जिवावर बेतणारा दोष असेल तर २ वेळाही पुरतात. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने पहिल्या ३० दिवसांत दोष दाखवून गाडी सरळ परत करता येते, त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते, आणि पहिल्या ६ महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे त्या विक्रेत्याने सिद्ध करायचं. हे शेवटचं फार मोठं आहे बरं का, कारण बाकी ठिकाणी सिद्ध करता करता आपल्याच नाकी नऊ येतात.

आता जॉब कार्ड. तिथे नुसतं 'आवाज येतो, चेक करणे' असं लिहू देऊ नका. 'सकाळी इंजिन थंड असताना, दुसऱ्या गिअरला, ३० च्या स्पीडला पुढच्या डाव्या चाकाकडून खट्खट् आवाज' असं लिहून घ्या आणि पुढच्या वेळीही तेच शब्द, अगदी तेच, नाहीतर कंपनीचा वकील म्हणणार की या तीन वेगवेगळ्या तक्रारी होत्या आणि तिन्ही आम्ही सोडवल्या. आत दिल्याची तारीख, बाहेर काढल्याची तारीख आणि किलोमीटरचं रीडिंग कार्डवर हवंच. टेस्ट ड्राइव्हला त्यांचा माणूस शेजारी बसवून दोष दाखवा, त्याचा व्हिडिओ घ्या. 'साहेब, हे नॉर्मल आहे, या मॉडेलला येतंच' असं तोंडी म्हणाले की गोड बोलून तेवढं लेखी मागा, बघा कसे गडबडतात. आणि गाडी परत घेताना 'काम समाधानकारक' या ओळीखाली डोळे मिटून सही ठोकू नका, दोष तसाच असेल तर सहीच्या वर 'दोष कायम' लिहा मग सही करा. फोनवर झालेलं बोलणं त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवायचं, डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला, दोघांनाही.

भारतात लेमन लॉ असा वेगळा नाही, किती वेळा दुरुस्ती म्हणजे पुरे असा आकडा कायद्यात नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९, आणि तो तसा कमी नाही. दोष काढून देणे, गाडी बदलून देणे, पैसे परत, वर नुकसानभरपाई, यातलं काहीही ग्राहक आयोग देऊ शकतो. गाडीला मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त तर राष्ट्रीय. आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते, वकील लागतोच असं नाही. मुदत २ वर्षं, पण 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणत म्हणत ती निघून जाते, तेव्हा आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार टाका, तिथे नाही मिटलं तर नोटीस आणि मग आयोग. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांना पार्टी करायचं, एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार हे ठरलेलं.

एक मात्र स्पष्ट सांगतो, थेट नवी गाडीच मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाल तर हिरमोड होईल. वॉरंटीत बहुधा पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन असतं, आख्खी गाडी बदलण्याचं नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही २००६ च्या एका निकालात वॉरंटीचा अर्थ असाच लावलाय. गाडी किंवा पैसे हवे असतील तर दोष मॅन्युफॅक्चरिंगचाच आहे हे दाखवावं लागतं आणि त्याला तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो. नुसत्या बघण्याने कळणारा दोष नसेल तर आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो, तशी मागणी तक्रार करतानाच करून ठेवा. आणि तोपर्यंत बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी उघडू नका, वायरिंग कापून हॉर्न-लाइट बसवू नका, सर्व्हिस चुकवू नका, कारण 'ग्राहकानेच बिघडवली' म्हणायला त्यांना तेवढं निमित्त पुरतं. गाडी कंपनीच्या नावावर धंद्यासाठी घेतली असेल तर आपण कायद्याने 'ग्राहक' ठरतो का इथूनच वाद सुरू होतो, अशा वेळी वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

नोटीस गेल्यावर बऱ्याचदा फोन येतो, एक्स्टेंडेड वॉरंटी देतो, दोन सर्व्हिस फ्री करतो, मिटवून टाका. दोष खरंच गेला असेल तर मिटवायला हरकत काहीच नाही, कोर्टकचेरीची हौस कुणाला असते. फक्त सोबत जो कागद येईल त्यात 'फुल अँड फायनल' आणि 'यापुढे तक्रार करणार नाही' असं कुठे लपलंय का ते बघा, असेल तर आधी गाडी आठ-पंधरा दिवस चालवून बघतो म्हणा आणि सही नंतर करा.