जीआरईचा निबंध: लिहायला लागण्याआधीचं खरं काम

जीआरई म्हणजे परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्या तयारीत निबंध शेवटच्या आठवड्यावर ढकलायचा, ही आपल्याकडची ठरलेली पद्धत. क्वांट (गणित) होऊन जातं, व्हर्बलच्या (इंग्रजीच्या) शब्दांच्या याद्या घोकल्या जातात, आणि निबंधासाठी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेला एखादा साचा वाचला जातो. नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींचे निबंध मी बरीच वर्षं तपासत आले आहे. इंग्रजी चांगलं असूनही सहापैकी साडेतीनच्या आसपास घुटमळणारे निबंध त्यात भरपूर असतात. घोडं इंग्रजीपाशी अडत नाही. लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं आहे, हेच लिहायला सुरुवात करताना ठरलेलं नसतं.

आधी स्वरूप समजून घ्या. सप्टेंबर २०२३ पासून जीआरईत एकच निबंध उरला आहे, 'इश्यू', म्हणजे दिलेल्या विधानावर आपली भूमिका मांडायची. दुसरा, 'आर्ग्युमेंट', बंद झाला. सीनियरकडून मिळालेल्या जुन्या पुस्तकांत तो अजून असेल, तर ती पानं सरळ सोडून द्या. निबंधाला ३० मिनिटं असतात आणि पेपर त्यानेच सुरू होतो. विषय एकच येतो, निवडायला मिळत नाही. गुण ० ते ६, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्यांनी. निबंध एक प्रशिक्षित परीक्षक वाचतो आणि एक संगणक प्रणालीही तपासते. जीमॅट (व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांना आता निबंधच नाही, त्यामुळे त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

पायरी १. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या संकेतस्थळावर इश्यूच्या विषयांची पूर्ण यादी मोफत आहे. परीक्षेत येणारा विषय त्यातलाच असतो. ती वाचून काढा आणि शिक्षण, सरकार, तंत्रज्ञान, कला, समाज आणि व्यक्ती असे गठ्ठे करा. प्रत्येक विषयावर निबंध लिहून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

पायरी २. साध्या नोटपॅडमध्ये, स्पेलिंग तपासणी बंद करून टाइप करायची सवय लावा. परीक्षेत कट, पेस्ट आणि अनडू मिळतं, चुकांखाली लाल रेघ येत नाही.

पायरी ३. विषयाखालची सूचना विषयाइतक्याच काळजीने वाचा. सूचनांचे सहा प्रकार आहेत. एकीत विधान कुठे खरं ठरेल आणि कुठे नाही ते मागतात, एकीत धोरणाचे परिणाम, एकीत तुमच्या भूमिकेविरुद्धचे सर्वांत भक्कम मुद्दे. 'विरोधी मुद्द्यांना उत्तर द्या' असं स्पष्ट लिहिलेलं असताना ते न देणाऱ्या निबंधाचे गुण कमी होतात, भाषा कितीही सफाईदार असली तरी.

पायरी ४. भूमिका ठरवणे. आता खरं काम सुरू होतं.

आपण शाळेत निबंध लिहायला शिकलो ते असं: सुरुवातीला सुविचार, मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात'. दहावीला यावर गुण मिळाले, म्हणून हात आपोआप तिकडेच वळतो. मीही यातून सहज सुटले नाही, म्हणून ठामपणे सांगते: जीआरईत ही मांडणी टाकून द्या. दोन्ही बाजू सारख्याच मापाने मोजून ठेवणारा निबंध परीक्षकाला काहीच पटवून देत नाही. पण याच्या उलटा सल्लाही तेवढाच घातक आहे. 'एक बाजू घ्या आणि रेटा, समोरच्याचं नावच काढू नका' असं क्लासमध्ये सर्रास सांगतात. असा निबंध जोरकस वाटतो, पण वाचणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात अपवाद सुचतो आणि पुढचं सगळं पोकळ वाटू लागतं.

माझी पद्धत अशी. विषय आला की कच्च्या कागदावर तीन प्रश्न, याच क्रमाने. हे विधान कुठे मोडतं? ते मोडल्यावर नुकसान कुणाचं होतं? आणि कोणती अट घातली तर ते टिकेल? तिसऱ्याचं उत्तर हीच तुमची भूमिका. हे मराठीतच लिहा, त्याला कुणी गुण देत नाही. इंग्रजीत विचार करायच्या हट्टापायी मुलं सोपे, गुळगुळीत मुद्दे निवडतात, कारण तेवढ्यापुरतेच शब्द जवळ असतात.

समजा विधान असं आहे: 'ग्राहकांना आवश्यक वस्तू स्वस्तात मिळावी म्हणून सरकारने व्यापारावर निर्बंध घालणं योग्य आहे.' नाशिकच्या मुलाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली, साफ चूक. का? कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले होते, आणि डिसेंबरमध्ये तर निर्यातबंदीच आली. इथवर सगळे पोचतात आणि इथेच थांबून शेतकऱ्याच्या हालांवर दोन परिच्छेद लिहितात. ते हाल खरे आहेत, पण एवढ्यावर भूमिका उभी राहत नाही. मुंबईत रोजंदारीवर जगणाऱ्या घराला कांदा स्वस्त मिळणं हीसुद्धा खरी गरज आहे, आणि परीक्षकाच्या मनात ती लगेच येणार.

म्हणून पुढे जा. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत जाहीर झाली होती. मुदत संपायच्या आधीच ती वाढवली गेली, आणि उठली मे महिन्यात. आता अट दिसायला लागते. एप्रिलमध्ये परदेशी माल जाईल या हिशोबाने ज्याने कांदा राखून ठेवला, त्याचा हिशोब बंदीने मोडलाच, पण न पाळलेल्या तारखेनेही मोडला. मग भूमिका अशी होते: निर्बंध समर्थनीय ठरू शकतो, पण त्याची मुदत आधी सांगून पाळली गेली आणि ज्याच्या खिशातून ही स्वस्ताई येते त्याला भरपाई मिळाली तरच. एवढं एक वाक्य हातात असलं की परिच्छेद आपोआप ठरतात: एक ग्राहकाच्या गरजेचा, एक मुदतीचा, एक भरपाईचा. समोरची बाजू मान्यही झाली आणि तुमचं म्हणणंही ढळलं नाही.

भूमिका जमली की नाही हे तपासायची कसोटी सोपी आहे. तुमचं वाक्य घरात जेवताना मोठ्याने म्हणा. सगळ्यांनी लगेच मान डोलावली तर त्यात काही नाही. कुणीतरी 'असं कसं?' म्हणालं आणि तुमच्याकडे उत्तर तयार असलं, तर ते वाक्य निबंधाला पुरेल.

या टप्प्याला परीक्षेत पाच ते सहा मिनिटं द्या. शेजारच्या टेबलावर कीबोर्डचा खडखडाट सुरू झाला तरी हलू नका. सराव करतानाही रोज पूर्ण निबंध लिहू नका. रोज यादीतले दोन-तीन विषय घेऊन फक्त भूमिकेचं वाक्य आणि तीन मुद्दे काढा, पूर्ण निबंध आठवड्यातून एखादाच. मी शिकवलेल्यांपैकी ज्यांनी हे मनापासून केलं, त्यांचे निबंध बदललेले मी पाहिले आहेत.

पायरी ५. उदाहरणं. गांधी, आइन्स्टाइन, स्टीव्ह जॉब्स ही त्रिमूर्ती सोडा. त्यांच्याबद्दल तुम्हाला तेवढंच माहीत असतं जेवढं सगळ्यांना असतं. आपल्या परिसरातली चार-पाच उदाहरणं नीट अभ्यासा, म्हणजे साल, कारण, परिणाम आणि त्यातली गुंतागुंत माहीत करून घ्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह घ्या. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, तरी मंदिराचे दरवाजे तेव्हा उघडले नाहीत. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली, आणि १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतर केलं. 'प्रयत्नाची किंमत यशावरून ठरते' अशा विषयाला हे उदाहरण किती खोलवर भिडतं बघा: मागणी मान्य झाली नाही, पण त्या नकारातून पुढची दिशा निघाली. नेतृत्व, परंपरा, कायदा आणि अन्याय अशा विषयांनाही तेच चालतं.

एक खबरदारी मात्र घ्या. परीक्षकाला लासलगाव माहीत नसतं. 'पश्चिम भारतातली कांद्याची एक मोठी घाऊक बाजारपेठ' एवढी ओळख अर्ध्या वाक्यात द्या आणि पुढे चला. अख्खा परिच्छेद नाशिकच्या वर्णनात घालवलात तर युक्तिवादाला जागा उरणार नाही.

तयार साच्यांबद्दलही सांगायलाच हवं. ईटीएस निबंधांची एकमेकांशी तुलना करून पाहतं, आणि मजकूर दुसऱ्याच्या लेखनाशी फार जुळला तर गुण रद्द होऊ शकतात. पाठ केलेली प्रस्तावना विकणारा हे सांगत नाही.

पायरी ६. लिहिणे. भूमिका पहिल्याच परिच्छेदात, मग तीन परिच्छेद, मग छोटा शेवट. वाक्यं साधी ठेवा. घोकलेले जड शब्द चुकीच्या जागी बसतात आणि लगेच उघडे पडतात.

पायरी ७. शेवटची तीन मिनिटं वाचायला राखा. कर्ता-क्रियापद जुळतात का, आर्टिकल राहिले का आणि भूमिकेचं वाक्य शेवटपर्यंत टिकलं का, एवढंच बघा. बारीकसारीक टायपिंगच्या चुकांनी फारसं बिघडत नाही, पण घाईत नवा मुद्दा घुसवला तर बिघडतं. निबंध संपला की पुढचा विभाग लागलीच सुरू होतो, मध्ये ठरलेली सुट्टी नसते. म्हणून घरी सराव करतानाही निबंधानंतर चहाला उठू नका, लगेच क्वांटचा किंवा व्हर्बलचा एक संच सोडवायला घ्या.